बस्त्याव तुस्कानचं आमेन

"आमेन म्हणजे काय, सांगेल कोणी?" फादर जेरोमनी विचारलं, आणि आमची अख्खी आळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

उपवासकाळ चालू होता. देवळाशेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये मोठ्या माणसांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा. दिवसभर वाडीत राबून आलेली माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसायची आणि अर्धी तर पेंगायची. मागून कोणीतरी म्हणालं, आमेन म्हणजे झालं, संपलं, आता घरी जा. सगळे हसले. फादरही हसले. तरुण होते, नुकतेच आमच्या धर्मग्रामात आले होते. कोणाच्या मेरेवरून, म्हणजे वाडीच्या हद्दीवरून, कोणाचं भांडण, कोण कोणाशी बोलत नाही, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

पहिल्या बाकावर बस्त्याव तुस्कान बसला होता. आमच्या आळीत जो क्रूस उभा आहे, त्याच्या सणा-प्रार्थनेचा पुढारी. पांढरा झगझगीत सदरा, गळ्यात चांदीचा क्रूस. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तथास्तु, फादर."

"जवळ आलात," फादर म्हणाले, "पण तथास्तु देव म्हणतो. आमेन माणसानं म्हणायचं असतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हा शब्द आपला नाही, लॅटिनही नाही, हिब्रू आहे. जगभर गेला, पण कोणी त्याचं भाषांतर केलं नाही, आहे तसाच उचलला. मुसलमान आमीन म्हणतात, तोही हाच. मुळात त्याचा अर्थ पक्कं असणं. भिंतीत खुंटी ठोकली आणि तिला कितीही भार टांगला तरी ती हलली नाही, तर तो जो पक्केपणा, त्याच्यातून हा शब्द आलाय. विश्वास हा शब्दसुद्धा त्यांच्या भाषेत त्याच मुळातून येतो. म्हणजे आमेन म्हणणारा माणूस नुसती मान डोलवत नाही. हे खरं आहे, आणि मी याच्याखाली उभा आहे, असं तो सांगतो.

"आणि आशीर्वादालाच आमेन म्हणायचं असं समजू नका," फादर म्हणाले. "मोशेच्या माणसांत शाप मोठ्यानं वाचले जायचे. लपूनछपून केलेल्या पापांचे. जी कोणाला दिसत नाहीत, ज्यांना साक्षीदार नसतो, त्यांचे. आईबापाचा अपमान करणारा, आंधळ्याला वाट चुकवणारा, शेजाऱ्याची मेर सरकवणारा. एकेक शाप वाचायचा आणि सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं. ज्यानं ते पाप केलं असेल त्यानंसुद्धा. म्हणजे त्यानं स्वतःच्या तोंडानं तो शाप स्वतःवर ओढून घ्यायचा."

मी पहिल्या बाकाकडे बघितलं. बस्त्यावची मानगूट तेवढी दिसत होती. ती जराही हलली नाही. वर्ग संपला, फादरनी शेवटची प्रार्थना म्हटली आणि बस्त्याव नेहमीसारखा सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाला, आमेन. बाहेर पडताना मी ठरवून टाकलं होतं.

आता माझं त्याच्याशी काय होतं ते सांगते.

आमची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्राच्या वाऱ्यात. तुस्कानांची वाडी आमच्या लगत. मधे पांगाऱ्याच्या फांद्या रोवून घातलेलं कुंपण, आणि आमच्या बाजूला बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. आमच्याकडे तेच वाडीचा जीव. त्याच्या काठावर आमचा मोगरा होता. त्या मोगऱ्यावर माझं आणि आईचं घर चालायचं, कारण मी एकुलती एक आणि बाच्या अंगावरून वारं गेलेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. एवढा बोलका माणूस, दोन शब्दांसाठी घामाघूम व्हायचा.

आमच्या आळीत कुंपण दर वर्षी पावसाआधी नवं घालतात, आणि ते दोन्ही घरांनी मिळून घालायचं असतं. एकानं फांदी धरायची, दुसऱ्यानं ठोकायची. एकट्यानं कोणी कुंपणाला हात लावत नाही. बा आजारी पडला त्या वर्षी बस्त्याव ओटीवर येऊन बसला, बाच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाला, तुम्ही बायका कुठे उन्हात तडफडता, मी आहे ना. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याला घावन करून खायला घातले. माझ्या आईनं, स्वतःच्या हातानं. ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यानं कुंपण घातलं ते बावखलाच्या अलीकडे. पाणी तिकडे गेलं, काठ तिकडे गेला, मोगऱ्याचे उत्तम वाफे तिकडे गेले. बावखलाच्या कोपऱ्यात हद्दीचा दगड होता, माझ्या आजोबांनी पुरलेला, वर क्रूस कोरलेला. तो दगडच नाहीसा झाला. मी जाब विचारायला गेले तेव्हा बस्त्याव झोपाळ्यावर बसून विडी ओढत होता. म्हणाला, "पोरी, दगड दाखव आणि बोल."

बानं मात्र सगळं बघितलं होतं. त्याची खाट मागच्या खिडकीपाशीच होती. उजाडलं की तो सुरू व्हायचा. दगड. दगड. दुसरं काही त्याच्या जिभेवर चढायचंच नाही. डावा हात खिडकीकडे करायचा आणि ओरडायचा, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत. बस्त्यावनं आळीत सांगून टाकलं की मानूच्या, म्हणजे माझ्या बाच्या, डोक्यावर परिणाम झालाय, दगड मागतो, कोणाच्या डोक्यात घालणार आहे देव जाणे. लोक हसले. ज्या माणसाला विचारल्याशिवाय आळीतला एक तंटा मिटत नव्हता, त्याला बघायला पोरं खिडकीत जमायला लागली. आम्ही मोजणीला माणूस आणला, तो बस्त्यावच्या ओटीवर जेवून हात पुसत निघून गेला.

बा गेला तो वेडा म्हणूनच गेला. दफनाला बस्त्यावनं खांदा दिला आणि कबरीपाशी सगळ्यात मोठं आमेन त्याचंच. मी तिथे दातओठ खात उभी होते. मला पाणी परत हवं होतं, मोगरा परत हवा होता, पण त्याहून जास्त मला माझ्या बाचा शब्द परत हवा होता. आणि खरं सांगू, बस्त्यावला चारचौघांत मातीत लोळताना बघायचं होतं. त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करायचे. असल्या प्रार्थनेला देव काय म्हणतो मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

मे महिन्यात आमच्या आळीच्या क्रुसाचा सण असतो. क्रुसाला चुना लावायचा, पताका बांधायच्या, आणि रोज संध्याकाळी दिवेलागणीला सगळ्यांनी जमून जपमाळ म्हणायची. प्रत्येक संध्याकाळ एका घराच्या मानाची. माळ झाली की मानाच्या घरानं आपल्या शब्दांत मागणं मागायचं आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. मग उकडलेले चणे आणि खोबरं वाटलं जातं. मागणं ठरलेलंच असतं. पाऊस वेळेवर येऊ दे, बोटीवर गेलेले पोरगे सुखरूप राहू देत, अमकीच्या पोरीचं जमू दे. लोक तोंडानं आमेन म्हणतात आणि डोळा चण्याच्या टोपावर असतो.

आमच्या घराचा मान बाच चालवायचा. आता तो माझ्यावर आला होता. बाईमाणसानं मागणं मागायचं म्हणून बस्त्यावनं थोडं नाक मुरडलं, मग मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला, म्हणू दे पोरीला, मानूची मुलगी आहे. मी त्याला थँक्यू म्हटलं, काका म्हटलं, हसलेसुद्धा.

आईला मात्र वास लागला. चणे निवडता निवडता ती म्हणाली की वर्गातलं काही तुझ्या डोक्यात असेल तर ते तिथेच राहू दे. क्रुसापुढे कोणाचं वाईट मागितलं तर ते उलटून आपल्या घरात शिरतं. मी म्हटलं, आपल्या घरात शिरायला आता राहिलंय काय? तिनं टोपात आणखी एक पायली चणे ओतले. ती घाबरली होती की तिलाही तेच हवं होतं, मला कधी कळलं नाही.

त्या संध्याकाळी आळी झाडून जमली होती. क्रुसाभोवती मेणबत्त्या, पुढे गोणपाटावर बायका, मागे पुरुष. बस्त्याव नेहमीच्या जागी, क्रुसाच्या उजव्या हाताला. त्याची बायको कतरीकाकू बायकांत, अगदी कडेला. ही बाई फार बोलायची नाही. लग्न होऊन आली तेव्हा गाणी म्हणायची म्हणे, मी तिला कधी गाताना ऐकलं नाही. माझ्या डोक्यात तिचा विचारच नव्हता. मला फक्त तो दिसत होता.

माळ झाली. मी उभी राहिले. आवाज नीट निघाला. पावसाचं मागितलं. आमेन. बोटीवरच्या पोरांचं मागितलं. आमेन. आजाऱ्यांचं, म्हाताऱ्यांचं, पोटुशा बायकांचं. आमेन, आमेन, आमेन. बस्त्यावचा आवाज सगळ्यांच्या वर, देवळाच्या घंटेसारखा. लहान पोरं टोपाकडे सरकायला लागली.

"आता शेवटचं," मी म्हटलं. "देवा, ज्यानं अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याच्या वाडीची मेर सरकवली, आणि तो सांगायला लागला तर त्याला वेडा ठरवलं, त्याचा शब्द उद्यापासून या आळीत कोणी खरा धरू नये."

पुढच्या रांगेतल्या दोनचार म्हाताऱ्या सवयीनं आमेन म्हणून गेल्या. बाकीच्यांचं तोंडातच राहिलं. माना एकेक करून वळल्या आणि बस्त्यावकडे लागल्या.

मला वाटलं होतं तो म्हणेल. खरंच वाटलं होतं. आयुष्यभराची सवय, शब्द आपोआप बाहेर पडेल आणि मग मी सगळ्यांना सांगेन की बघा, यानं स्वतःच्या तोंडानं शाप घेतला. पण फादरच्या वर्गात तोही पहिल्या बाकावर होता. त्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. ओठ हलले. घशातून काही आलं नाही. रंग पार उतरला. मी थांबले. मी त्याच्या तोंडाकडे बघत थांबले, आणि सांगते, त्या घटकेला मला जे सुख झालं तसं मला नंतर लग्नातही झालं नाही.

"ही काय प्रार्थना झाली?" शेवटी तो म्हणाला. "क्रुसापुढे असलं बोलतात? चणे वाटा आणि घरी जा."

एकदोन पुरुष हललेही. माणसं अशीच असतात, कोणी हुकूम सोडला की बरं वाटतं त्यांना. आईनं चणे वाढायच्या डावाला हात घातला. मला वाटलं, आता हे सगळं चण्यांबरोबर चघळून गिळून टाकतील.

तेव्हा कडेनं आवाज आला.

"आमेन."

कतरीकाकू उभी होती. पदर दोन्ही मुठींत धरलेला. बायका तिच्यापासून थोड्या सरकल्या.

"कतरीन," बस्त्याव म्हणाला, "घरी चल."

"चला ना," ती म्हणाली. "सगळेच चला. दगड आमच्या न्हाणीमागं आहे. पालथा घातलाय. मी त्याच्यावर धुणं धुते."

कोणी चणे घेतले नाहीत. अख्खी आळी क्रुसावरच्या मेणबत्त्या आणि एक पेट्रोमॅक्स घेऊन तुस्कानांच्या परसात गेली. बस्त्याव दोनदा आडवा आला. पहिल्यांदा लोक थबकले, दुसऱ्यांदा त्याला बाजूनं वळसा घालून गेले. न्हाणीमागं धुण्याचा दगड होता, साबणानं गुळगुळीत झालेला. दोघांनी पहार घातली आणि तो उलटला. खालच्या अंगाला माती होती. कतरीकाकूनं तांब्याभर पाणी ओतलं, हातानं चोळलं, आणि आजोबांनी कोरलेला क्रूस वर आला.

मग ती माझ्याकडे वळली. सगळ्यांसमोर बोलली, पण माझ्याशीच बोलत होती.

"मी इथे धुणं आपटायचे ना, तेव्हा तुझ्या बाचा आवाज यायचा कुंपणापलीकडून. दगड, दगड. तो ओरडायला लागला की मी आणखी जोरानं आपटायचे. आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून."

आई खाली बसली आणि दगडाला हात लावून रडायला लागली. माणसं डोक्यावरच्या टोप्या काढून उभी राहिली, मानू लोपीसची मयत आत्ता निघाल्यासारखी. खिडकीत जमून हसलेले त्यात कितीतरी होते. मला त्यांचंही तोंड बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीनं दगड जुन्या जागी पुरला आणि कुंपण हलवलं. रिवाजाप्रमाणे दोन्ही घरांनी मिळून. फांदी मी धरली, आणि ठोकायला बस्त्याव बाहेरच आला नाही, म्हणून कतरीकाकूनं ठोकली.

फादर जेरोमनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं आणि ते फार दुःखी झाले होते. "प्रार्थनेत सूड घालायचा नसतो, ब्रिजित," ते म्हणाले. मी म्हटलं, "फादर, शब्दाचा अर्थ तर तुम्हीच सांगितलात." पुढच्या वर्षी त्या वर्गात त्यांनी दुसरा विषय घेतला.

आणि माझं मागणं? ते पूर्ण झालं, अगदी शब्दाला शब्द. आकाशातून आग पडली नाही की बस्त्यावची वाडी सुकली नाही. फक्त त्याचा शब्द कोणी धरेना. तो म्हणाला भाव चढलाय, तर माणसं दुसऱ्याला विचारून यायची. तो म्हणाला ताप आलाय, तर हात लावून बघायची. क्रुसाचं पुढारीपण गेलं. देवळात यायचा, मागे खांबाआड उभा राहायचा, आणि सगळे आमेन म्हणायचे तेव्हा खाली बघायचा. मी मुद्दाम मागे वळून बघायचे. दर रविवारी बघायचे. मन भरायचंच नाही.

मग माझं लग्न झालं, नवरा आमच्याच घरी राहायला आला, मुलं झाली, आई गेली. कतरीकाकू कुंपणाजवळ येऊन मला कधी भाजी द्यायची, कधी मी तिला कळ्यांचा गजरा द्यायचे. त्याच्याबद्दल आम्ही बोलायचो नाही.

एका सकाळी ती कुंपणाशी आली ती रिकाम्या हातानं. म्हणाली, त्यांचं काही खरं नाही, फादर शेवटचं तेल लावायला आलेत. लगतच्या घरानं खाटेपाशी असायला हवं, अशी आमची रीत. मरणाऱ्याला बोलता येत नसलं तर त्याच्या वतीनं शेजाऱ्यानं आमेनचा जबाब द्यायचा.

मी गेले. रीत मी मोडत नाही. बस्त्याव खाटेवर पडला होता, नुसती हाडं. छाती भात्यासारखी चालत होती, आवाज गेला होता. फादर नवे होते, त्यांना आमचं काही माहीत नव्हतं. त्यांनी त्याच्या कपाळाला तेल लावलं, तळहातांना लावलं. या पवित्र तेलानं देव तुझ्यावर दया करो, तुझ्या पापांची क्षमा करो, असं म्हणाले, आणि जबाबासाठी माझ्याकडे बघितलं.

कतरीकाकूनंही माझ्याकडे बघितलं. आणि बस्त्यावनं. डोळे एवढे मोठे झाले होते, माझ्या तोंडावरून हलेनात. त्याला माहीत होतं मी का थांबलेय. मला माहीत होतं तो काय मागतोय. त्या एका शब्दासाठी त्यानं तेव्हा सगळी वाडी माझ्या नावावर केली असती.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

फादरना वाटलं माझं लक्ष नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, तेवढंच, थोडं मोठ्यानं. खोलीत फक्त त्याच्या छातीचा आवाज होता. शेवटी फादरनी स्वतःच जबाब देऊन टाकला आणि पुढे वाचायला लागले. बस्त्यावचे डोळे माझ्यावरच होते. नंतर ते नुसतेच उघडे राहिले.

ते मिटवायला कतरीकाकू पुढे झाली. मी बाहेर आले. मोगरा खुडायचा राहिला होता, ऊन चढलं की कळ्या उमलतात आणि मग बाजारात कोणी घेत नाही. मी टोपली घेतली आणि बावखलाच्या काठानं खुडायला बसले.